तीन हजार मगरी आणि एक डोह

एका जंगलात एक नदी होती, नदीत एक डोह होता आणि डोहात एक मगर होती. मगर का होती, असं विचारू नका. मगर डोहात नाही राहणार तर काय झाडावर राहील? गोष्ट सांगताना मधे कोणी प्रश्न विचारलेले मला खपत नाहीत. मांडी घालून बसा आणि ऐका.

तर त्या डोहाच्या काठावर एक भला मोठा काळा खडक होता. त्या खडकावर दरवर्षी मगरीचं चित्र काढायची पद्धत होती. पावसाळ्यात नदीला पूर यायचा, खडक पाण्याखाली जायचा आणि चित्र धुऊन जायचं. पूर ओसरला की दसऱ्याला ते पुन्हा काढायचं. हे काम साळिंदरांचं. साळिंदराच्या अंगावर काटे असतात, काट्याने रेघ चांगली येते, आणि दुसऱ्या कोणी हे काम कधी मागितलंही नव्हतं.

चित्र काढायची तानूआत्या. ही एक म्हातारी साळिंदरीण. वीस वर्षांपूर्वी ती आणि तिचे यजमान संध्याकाळचे त्या डोहावर पाणी प्यायला गेले, पाणी जरासं हललं आणि यजमान काही परत आले नाहीत. तानूआत्या तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी तिने गेरू कालवला, पांढरी माती कालवली आणि खडकावर मगर काढली. मगर म्हणजे काय, एक लांबडं धूड, उघडा जबडा आणि जबड्यात दात. दात काही मोजून काढले नव्हते. मावले तेवढे काढले होते. शेजारी तिने अर्धा ससा काढला. पुढचा अर्धा. तो नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून पळत होता, कारण वर खडकाळ उथळ पाणी होतं आणि तिथे मगर येत नसे.

ससा अर्धाच का, हे त्या जंगलात कधी कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. काल जन्मलेली पिल्लंसुद्धा ते चित्र बघायची, आईच्या पोटाखाली शिरायची आणि मुकाट्याने वरच्या पाण्यावर जायची.

चित्र काही सुंदर नव्हतं. मगरीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा व्हायचा. ससा एखाद्या वर्षी उंदरासारखा दिसायचा. पण आत्या चित्र काढायला लागल्यापासून त्या डोहावर कोणी मेलं नव्हतं. मगर बिचारी मासे खाऊन दिवस काढत होती. मगरीचं उष्टं खाऊन जगणारा एक कोल्हा होता, त्याची तर फारच आबाळ झाली होती.

पुढे आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तेव्हा तिने आपल्या भाच्याला बोलावून घेतलं.

भाच्याचं नाव रंगनाथ. तरणाबांड, काटे तुकतुकीत, आणि हातात कला होती, खोटं कशाला बोलू? लहानपणी तो मातीत असे किडे काढायचा की रानकोंबड्या येऊन चोची मारायच्या आणि चोच दुखली की त्यालाच शिव्या घालायच्या.

"रंग्या," आत्या म्हणाली, "यंदापासून खडक तुझा. दसरा चुकवू नकोस. दिवाळी झाली की पठारावरची तळी आटतात आणि चितळांचा कळप खाली उतरतो. त्यांच्यात यंदाची पाडसं असतात. त्यांना डोह माहीत नसतो."

"आत्या, तू निश्चिंत राहा," रंगनाथ म्हणाला. "असं चित्र काढतो की सगळं जंगल बघत राहील."

"बघत राहायला नकोय रे बाबा. बघून पळायला हवंय."

रंगनाथ नुसता हसला. म्हाताऱ्यांचं आपलं काहीतरी असतं, असं त्याला वाटलं.

पूर ओसरला. रंगनाथ गेरूचं मडकं घेऊन खडकापाशी गेला. त्याने काटा बुडवला, उचलला आणि तिथेच थांबला. त्याच्या मनात विचार आला, की आपण मगर काढणार, पण आजवर इतरांनी मगरी कशा काढल्यात ते एकदा बघायला नको का?

विचार वाईट नव्हता. ए, तू हसू नकोस. तुझ्याही मनात असेच विचार येतात. अभ्यासाला बसायच्या आधी तूच चार पेन्सिलींना टोकं काढत बसतोस, मी बघितलंय.

आता योग असा की त्याच सुमारास त्या कोल्ह्याने जंगलात प्रेरणागुहा उघडली होती. पोटाला काही मिळत नव्हतं, तेव्हा रिकामा वेळ भरपूर होता. लांबच्या देशांतून येणाऱ्या करकोच्यांकडून त्याने चित्रं मागवली. कुठल्या जंगलात कोणी कसं झाड काढलं, कुठल्या बेटावर कोणी कसा मासा रंगवला, सगळं पळसाच्या पानांवर उतरवून गुहेच्या भिंतींना चिकटवलं. आत जायला काही पडत नसे. बाहेर पडायला मात्र वेळ लागे.

"या, रंगनाथराव," कोल्हा म्हणाला. "काय काढताय?"

"मगर."

"कुठल्या पद्धतीची?"

मगरीच्या पद्धती असतात हेच रंगनाथला ठाऊक नव्हतं. त्याला आपली लाज वाटली आणि आत्याची त्याहून जास्त वाटली.

"बसा," कोल्हा मायेने म्हणाला. "घाई कशाची आहे?"

रंगनाथ बसला. गुहेत आधीच बरीच मंडळी बसलेली होती. एक तरस तीन वर्षं योग्य पिवळा शोधत होता. त्याला घराच्या दारावर सूर्य काढायचा होता. एका खारीकडे चाळीस प्रकारचे कुंचले होते आणि एक्केचाळिसावा येईपर्यंत ती सुरुवात करणार नव्हती. सगळेजण एकमेकांना पानं दाखवायचे आणि माना डोलवायचे. फार प्रसन्न वातावरण होतं, यात वाद नाही.

पहिल्या दिवशी रंगनाथने बारा मगरी उतरवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी साठ. आठवड्याभरात त्याच्या बिळात पाय ठेवायला जागा राहिली नाही आणि तो बाहेर झोपायला लागला. मग त्याने मगरींची वर्गवारी केली. शांत मगरी एका बाजूला. उदास मगरी दुसऱ्या बाजूला. नुसत्या रेषेतल्या मगरी वेगळ्या. ज्यात मगर जवळजवळ दिसतच नाही अशा मगरी सगळ्यांत वर, कारण त्या सगळ्यांत उच्च दर्जाच्या होत्या.

दसरा आला. खडक कोरा होता.

"रंग्या, काढलंस का रे?" आत्याने विचारलं. तिला दिसत नव्हतं, म्हणून विचारावं लागलं.

"तयारी चाललीय, आत्या."

"कसली तयारी? मी सांगते, तू काढ. आधी पाठ काढायची, मग जबडा, मग दात."

"तुझी नक्कल नको करायला लावूस मला. माझं काहीतरी स्वतःचं असू दे."

असं म्हणून तो परक्या मुलखातली मगर पानावर उतरवून घ्यायला गेला.

"अरे, मगरच बघायची आहे ना तुला?" आत्या मागून म्हणाली. "ती काय, पलीकडच्या वाळूत पडलेली असते दुपारची. झाडाआडून बघून ये की."

"प्रत्यक्ष बघितलं की कल्पना मरते, आत्या." हे वाक्य कोल्ह्याचं होतं. रंगनाथला ते आपलंच वाटत होतं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी पठारावरून चितळांची म्होरकी खाली आली. हौसाबाई तिचं नाव. बाई मोठी सरळ, तोंडावर बोलणारी. तिच्या कळपात यंदा सात पाडसं होती आणि त्यातलं एक तिचं स्वतःचं होतं.

"चित्रकार, आमची तळी आटत आली," ती म्हणाली. "आठ दिवसांत आम्ही उतरू. खडक तर अजून कोरा दिसतोय."

"हौसाबाई, चित्र असं मागून येत नसतं," रंगनाथ म्हणाला. "ते आतून यावं लागतं."

"मग आत जाऊन जरा हाक मारा त्याला. आमची पोरं तान्ही आहेत."

रंगनाथला ती फार रुक्ष वाटली. पण तिने दिवस सांगितला होता, तेव्हा मनाला रुखरुख लागलीच. तो तसाच उठून कोल्ह्याकडे गेला.

मधे एक गंमत सांगायची राहिली. रंगनाथने अजून एकही रेघ मारली नव्हती, तरी तो जंगलातला सर्वांत मोठा चित्रकार झाला होता. त्याचा संग्रह बघायला लांबून जनावरं यायची. "काय नजर आहे हो तुमची," म्हणायची. आत्याने इतकी वर्षं मगर काढली, तिला कोणी 'छान' म्हटलं नव्हतं. रोजच्या भाकरीला कोण छान म्हणतं? रंगनाथला मात्र दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळायचं, आणि ते एकदा कानाला लागलं की हात आपोआप गार पडतो.

"कळप आठ दिवसांत उतरतोय," तो कोल्ह्याला म्हणाला. "आता काढायलाच हवं."

"तुमच्या तीन हजार मगरींचं सार काय निघतं?" कोल्ह्याने विचारलं.

रंगनाथने डोळे मिटले. सात दिवस त्याने डोळे मिटूनच ठेवले. आठव्या दिवशी सकाळी तो खडकापाशी गेला, काटा बुडवला आणि एक रेघ काढली. एकच. वरून निघालेली, सुरेख वळणं घेत खाली पाण्यापर्यंत गेलेली. रेघेच्या टोकाला, अगदी पाण्यालगत, त्याने एक लाल ठिपका दिला. मग तो मागे सरकून उभा राहिला आणि त्याला भरून आलं.

जंगल बघायला जमलं. माकडं बराच वेळ गप्प राहिली, म्हणजे चित्र थोरच असणार.

"यात मगर नाही," कोल्हा हळूच म्हणाला. "यात मगरपण आहे."

"मगरपण," सगळे म्हणाले. तरसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला त्या ठिपक्यात आपला पिवळा सापडल्यासारखं वाटलं, जरी ठिपका लाल होता.

तानूआत्याला दोघा सशांनी हाताला धरून आणलं होतं. तिने खडकावर हात फिरवला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. ओली माती तिच्या पंजाला फक्त एका रेघेपुरती लागली.

"रंग्या, दात कुठायत?"

"आत्या, दात बघणाऱ्याने मनात काढायचे असतात."

"आणि ससा?"

"ससा आता कोणी काढत नाही."

पाण्यातून मगरीनेही डोकं वर काढून चित्र बघितलं. आजवर तिने आत्याच्या चित्राबद्दल कधी चांगला शब्द काढला नव्हता. यंदा ती म्हणाली, "फार सुंदर. कृपा करून यात कोणी काही वाढवू नका." रंगनाथने तिला वाकून नमस्कार केला. ज्याचं चित्र काढलं त्यानेच दाद दिली, याहून मोठं काय असतं?

गर्दी पांगली. आत्या मात्र तिथेच बसली. सशांनी चला म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी बसते जरा."

उन्हं कलली आणि कळप आला. हौसाबाई कळपाच्या मागे होती, कारण एक म्हातारी चितळीण दमली होती आणि तिला सांभाळून आणायचं होतं. पुढे पाडसं होती. तहानेने आयांना मागे टाकून धावत सुटली होती. खडक दिसताच ती थांबली. आयांनी वाटेत हजारदा बजावलं होतं, की खाली एक खडक आहे, त्यावर जे काढलंय तसं वागायचं.

पाडसांनी चित्र बघितलं. रेघ खाली पाण्याकडे जात होती. रेघेच्या टोकाला ठिपका होता.

"ही वाट आहे," हौसाबाईचं पाडस म्हणालं. "आणि ठिपका आहे तिथे प्यायचं."

किती हुशार पोर बघा. रेघ त्याने बरोबर वाचली. चूक त्याची नव्हती.

ते रेघेच्या बाजूने उतरलं आणि ठिपक्यापाशी वाकलं. आत्याला ते दिसलं नाही. पण छोट्या खुरांचा आवाज तिने ऐकला, आणि त्या पाठोपाठ पाणी जरासं हललेलं ऐकलं. तो आवाज ती वीस वर्षं विसरली नव्हती. तिने सगळे काटे ताठ करून खुळखुळवले आणि आवाजाच्या रोखाने धावत जाऊन पाडसाला ढकललं. पाडस बाजूला पडलं. पाणी उसळलं. मग पाणी शांत झालं आणि आत्या तिथे नव्हती.

मला हे सांगताना आजही राग येतो. गोष्ट आहे, ठाऊक आहे मला. तरी येतो.

रंगनाथ फार रडला. खोटं नाही रडला, खरंच रडला. दोन दिवस त्याने काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी कोल्हा त्याच्या बिळापाशी आला. कोल्ह्याच्या अंगावर जरा तुकतुकी आली होती. त्याने हे सगळं मुद्दाम केलं होतं का? मला माहीत नाही. त्यालाही माहीत नसावं. पोट भरलेलं असलं की कोणी स्वतःची फार चौकशी करत नाही.

"रंगनाथराव, हे दुःख वाया घालवू नका," कोल्हा म्हणाला. "आत्याबाईंचं एक मोठं चित्र व्हायला हवं."

"होय," रंगनाथ डोळे पुसत म्हणाला. "मी खडकावर आत्या काढणार. मगरीच्या जबड्यात. आत्ताच जातो."

तो निघालाही होता, मुलांनो. मडकं हातात घेतलं होतं त्याने. चार पावलं गेला आणि थांबला.

"शोकाची चित्रं आजवर कोणी कशी काढली असतील?" तो म्हणाला.

"आतल्या दालनात आहेत," कोल्हा म्हणाला.

इकडे कळपाला रोज पाणी लागत होतं. हौसाबाईने दोन दिवस स्वतः खडकापाशी उभं राहून पहारा दिला. पण मागून अजून नीलगाई उतरायच्या होत्या, भेकरं उतरायची होती, आणि त्यांच्याबरोबर पिल्लं. ती कुठवर उभी राहणार? आत्याच्या जुन्या मडक्यात गेरू शिल्लक होता. हौसाबाईने त्यात खूर बुडवला.

तिने जन्मात कधी चित्र काढलं नव्हतं. हरणाच्या खुराने काय रेघ येणार, तुम्हीच सांगा. तिने आधी रंगनाथची रेघ पुसली, अंग घासून पुसली. मग मगर काढली. ती मगर भोपळ्यासारखी फुगली. पाय पाच झाले. पण जबडा उघडा होता आणि दात होते, मावतील तेवढे. मग तिने शेजारी, खालच्या बाजूला, अर्धं साळिंदर काढलं. पुढचं अर्धं. त्याचं तोंड वरच्या अंगाला, उथळ पाण्याकडे होतं.

तिचं पाडस मागे उभं राहून बघत होतं. चित्र पुरं व्हायच्या आतच ते आईच्या पोटाखाली शिरलं. हौसाबाई समजली, की चित्र झालं. तिने खूर गवताला पुसला आणि पाडसाला घेऊन वरच्या पाण्यावर गेली.

त्या वर्षी नीलगाई उतरल्या, भेकरं उतरली, सगळी वरच्या पाण्यावर गेली. मगर पुन्हा मासे खायला लागली आणि तिने कलेविषयी बोलणं सोडलं.

चैत्रात रंगनाथ गुहेबाहेर आला. उन्हाने डोळे दिपले होते. कोल्ह्याबरोबर चालत तो खडकापाशी पोचला आणि चित्राकडे बघत राहिला.

"बटबटीत आहे," कोल्हा म्हणाला.

"फारच," रंगनाथ म्हणाला. "दात तर किती घातलेत. आणि हे शेजारी अर्धं काय आहे? झाडू का?"

हौसाबाईचं पाडस तिथून चाललं होतं. आता ते जरा मोठं झालं होतं, कपाळावर शिंगांचे कोंब आले होते. ते थांबून म्हणालं, "ती तुमची आत्या आहे."

रंगनाथ पुढे झाला आणि त्या अर्ध्या साळिंदराकडे वाकला. कोल्ह्यालाही वाटलं, की आता हा रडतो. पाडसाला वाटलं, की आता हा काटा उपसून आत्याचे डोळे तरी नीट काढील, कारण हौसाबाईला ते जमले नव्हते.

रंगनाथने काखेतून पळसाचं एक कोरं पान काढलं.

"जरा बाजूला हो, बाळ," तो पाडसाला म्हणाला. "एवढं उतरवून घेतो. यात काहीतरी आहे."

ती त्याच्या संग्रहातली तीन हजार एकावी मगर. आजही प्रेरणागुहेत गेलात तर दारातच लावलेली दिसेल.

तात्पर्य: चित्र काढायची घाई कधी करू नये. आधी जगभरची चित्रं बघावीत, उतरवून घ्यावीत, त्यांची नीट वर्गवारी करावी. तोवर चित्र काही अडून राहत नाही. ज्याचं पोर पाण्यावर जायचं असतं, तो चित्र काढून मोकळा होतो.